भिंतीवरची इंजिनिअर

दवनीवाड्याच्या दुर्गाप्रसाद शेठच्या राईस मिलमध्ये आधी ओमेश्वरी तुरकरची डिग्री नोकरीला लागली, मग ओमेश्वरी. तांदूळ उचलणाऱ्या रायपूरच्या व्यापाऱ्यानं अट घातली होती, मिलमध्ये शिकलेला इंजिनिअर पाहिजे. मुलाखतीत शेठनं एकच प्रश्न विचारला, "ओरिजनल आणली का?" दुसऱ्या दिवशी डिग्रीला सागवानी फ्रेम मिळाली, ऑफिसात पंख्यासमोरची भिंत मिळाली. खाली जी जागा उरली तिथं खुर्ची टाकून ओमेश्वरीला बसवलं.

बसणं हेच काम. मशीनला हात लावायचा नाही.

"काऊन पण शेठजी?"

"बेटा, इंजिनिअरच्या हाताले ग्रीस लागला त लोक मिस्त्री समजतेत. मिस्त्री हाय ना माझ्यापाशी."

मिस्त्री म्हणजे बकाराम. सातवी पास, आणि अर्धी मिल त्याच्या पान्यावर तर अर्धी त्याच्या शिव्यांवर चालायची. ओमेश्वरीचे वडील बिसनलालजी या नियमावर बेहद्द खूश होते. गावात सांगत, "पोरगी मेकॅनिकल होय. दिवसभर बसून राहते." चार वर्षांच्या शिक्षणाला याहून गोड फळ येतं, असं त्यांनी ऐकलं नव्हतं.

पण आठ महिने नुसतं बसलं की कान तयार होतो. धान खालच्या खड्ड्यातून वर नेणारा एलिव्हेटर, म्हणजे पट्ट्याला डबे लावलेलं उभं यंत्र, जूनपासून कण्हत होतं. खालचं बेअरिंग जाणार, असं ओमेश्वरीनं शेठला सांगितलं. शेठ म्हणाले, लेखी दे. तिनं लेखी दिलं. शेठनं नवीन बेअरिंग आणलंसुद्धा. मग बकाराम म्हणाला, "फिरून राहिलं ना? मंग फिरू द्या." नवीन बेअरिंग डब्यातच राहिलं.

दसऱ्याला मिलमध्ये अवजारांची पूजा झाली. पाटावर पाने, हातोडा, बेअरिंग ओढून काढायचा पुलर, डब्यासकट ते नवीन बेअरिंग, आणि मधोमध डिग्री. शेठच्या घरच्या अनुसयाबाईंनी सगळ्यांना सारखंच कुंकू लावलं, लाल धागा बांधला. डिग्रीवर अक्षता पडल्या, नारळाचं पाणी पडलं. ओमेश्वरी हात जोडून बघत होती. पान्याला वर्षातून हा एकच दिवस सुट्टी, आणि डिग्रीला वर्षातून हा एकच दिवस भिंतीवरून खाली उतरणं.

"बकारामजी, पाना कवा उचलाल?"

"उद्या. काऊन?"

"अन् माझी डिग्री?"

"ते जाते ना उद्या परत भिंतीवर. तिले काय काम हाय?"

बकाराम वाईट बोलला नव्हता. म्हणूनच ते लागलं.

दुसऱ्या दिवशी तो सोनं द्यायला लेकीकडे केशोरीला गेला. डिग्री पुन्हा भिंतीवर गेली. आणि दहा वाजता एलिव्हेटर किंचाळून बंद पडला.

शेठनं फोन लावला. बकाराम म्हणाला, उद्या संध्याकाळी येतो, जावयानं कोंबडा कापला. शेठनं कपाळ धरलं. बाहेर धानाचे दोन ट्रक उभे होते, आणि रायपूरच्या त्या व्यापाऱ्याकडचे चंद्रकुमारजी चालू मिल पाहायला बारा वाजता टपकणार होते.

"मी खोलते," ओमेश्वरी म्हणाली.

"अगं, ते खास तुले पाहाले येऊन राहिले! तू खुर्चीवर पाहिजेस. खड्ड्यात उतरली त उद्यापासून येऊ नको."

ओमेश्वरीनं खुर्ची भिंतीला लावली, वर चढली आणि डिग्री काढली.

शेठचा आवाज एकदम मऊ झाला. "रागानं घरी नको ना जाऊ. जायचंच असंल त डिग्री तेवढी ठेवून जा."

ती घरी गेली नाही. मेन स्विच पाडला, फ्यूज काढून खिशात टाकला आणि खड्ड्यात उतरली. खाली घोटाभर कोंडा. त्यात नट पडला की गेला. बकाराम दर वेळी दोन-चार हरवायचा आणि कोंड्याच्या आईचा उद्धार करायचा. ओमेश्वरीनं डिग्री आडवी ठेवली, काच वर. पहिला नट काढला आणि कुलगुरूंच्या सहीवर ठेवला.

शेठ वरून ओरडले, "अगं, डिग्री होय ते!"

"मंग? कामालेच लावून राहिली."

दुसरा नट प्रथम श्रेणीवर. तिसरा तिच्या नावावर. चौथा निघेना. हातोडा एकदा अंगठ्यावर बसला, तेव्हा तिनं बकारामची एक शिवी वापरली. नट हलला.

तेवढ्यात चंद्रकुमारजी आले. ऑफिसात भिंतीवर कोरा चौकोन आणि खाली रिकामी खुर्ची.

"इंजिनिअर कहाँ है?"

शेठनं डोळे मिटून खड्ड्याकडे बोट केलं. चंद्रकुमारजी वाकले. कोपरापर्यंत काळी पोरगी, केसांत कोंडा.

"ये?"

"सर, वो पुलर देना," ती मान वर न करता म्हणाली. "लाल धागेवाला."

चंद्रकुमारजींनी पूजेचा पुलर कपाळाला लावला आणि खाली दिला. मग खड्ड्याच्या काठावर उकिडवे बसले. जेवायला बोलावलं तरी उठले नाहीत.

नवीन बेअरिंग डब्यातून निघून जागेवर बसलं, आणि पावणेदोनला तिनं फ्यूज लावला. एलिव्हेटर कण्हला नाही. डबे एकामागून एक धान घेऊन वर निघाले.

"एलिव्हेटर किसने ठीक किया, ये रिपोर्ट में लिखूँगा," एवढंच बोलून चंद्रकुमारजी निघून गेले. चांगलं की वाईट, शेठला कळेना. त्यांनी फडकं पुढं केलं. "काच पूस अन् लाव भिंतीवर. उद्या ये म्हणजे झालं."

"उद्या येईन. पण ते तिथं नाही जात."

खड्ड्याजवळ पाने टांगायचा खिळा होता. तिनं डिग्री त्यावर अडकवली. सहीवर ग्रीसचा गोल तसाच.

तेवढ्यात केशोरीहून फोन आला. फोनमधून बकाराम सगळ्यांना ऐकू येत होता.

"चालू झाला? कोणं केलन?"

शेठनं खिळ्याकडे पाहिलं. "डिग्रीनं केलन."

ओमेश्वरीनं काळ्या हातानं त्यांचा फोन घेतला.

"डिग्रीनं नट धरले, बकारामजी. काम मी केलं."