टॉर्चवरचं लाल फडकं

माझी बायको विमल दिवाळीआधी वारली. संक्रांतीला घर झाडताना तिची टॉर्च सापडली. काचेवर तिच्याच जुन्या पोलक्याचं लाल फडकं घट्ट बांधलेलं होतं. काय कारण असेल ते समजलं नाही. करणीबिरणीचा विचार मनात आला. मी कोणाला बोललो नाही.

आठ दिवसांनी रात्री आमच्या खळ्यावर लाल उजेड दिसला. आमच्या जैनथ गावाकडे शेतातून पाण्याच्या मोटरची केबल चोरीला जाते. मी काठी आणि मोबाइलचा उजेड घेऊन गेलो. तिथे शाळेतले नागसेन मास्तर होते. तीन पायांच्या तिकाटण्यावर दुर्बीण, तिला कॅमेरा, कपाळावर लाल दिवा.

मृग नक्षत्रातल्या बाणाखाली धुरकट ढग आहे, त्यात नवे तारे तयार होतात, त्याचा फोटो काढतो, असं ते म्हणाले. दोन-दोन मिनिटांचे शंभर फोटो काढायचे आणि मग एकावर एक जोडायचे. मी आधी केबल पाहिली. ती जाग्यावर होती.

"कोणाले इचारून आले?"

"काकीले, काकाजी. मागच्या हिवाळ्यात त्याइनंच हो म्हटलं."

मेलेल्या माणसाचं नाव घ्यायला काय लागतं? मी सामान उचलायला सांगितलं. त्यांनी कॅमेऱ्यावर गुलाबी ढग दाखवला. असे ढग मोबाइलवर पाहिजे तेवढे मिळतात, मी म्हणालो.

"बरं, जातो. पण हा फोटो होईस्तोर उजेड बंद करा. काकी तर टॉर्चले लाल फडकं बांधून येत. लाल उजेडानं अंधाराले सरावलेले डोळे बिघडत नाहीत."

फडक्याचं मी कोणालाच सांगितलं नव्हतं. मी मोबाइल बंद केला.

"किती वेळा आली?"

"चार. चहा घेऊन."

मोटर पाहून येते, म्हणायची. मी झोपलेला असायचो.

"मले काऊन नाही सांगतलं तिनं?"

"त्या म्हणत, आमच्या माणसाले जिकडंतिकडं चोरच दिसते. तो इथं येऊन उभा राह्यला तं तुमचे तारेबी पळतीन."

हे तिचंच बोलणं होतं. मास्तरांना असं रचता आलं नसतं. मी खाली बसलो. सामान उचला, असं पुन्हा म्हणालो नाही.

दुसऱ्या रात्री तिची टॉर्च घेऊन गेलो. फडक्याची गाठ सोडली नाही. आधी केबल पाहिली. मग मास्तरांजवळ जाऊन म्हणालो, "तिनं पाह्यलं ते दाखवा."