चेंडू हीरालालशेठकडे

म्हसावदच्या बाजारात हीरालालशेठचं कापडाचं दुकान. त्यांचं धंद्याचं गुपित एकच, भाव सांगून झाला की तोंडाला कुलूप. गिऱ्हाईक साडी उलटीपालटी करत बसे आणि शेठ छताच्या पंख्याकडे बघत. "जो पहिले बोलना, तो बुडना," असं ते म्हणत.

त्यांच्या जिनलला बघायला शहाद्याचा पुनीत येऊन गेला. घरी पोचल्यावर त्याने शेठच्या मोबाइलवर निरोप धाडला, 'द बॉल इज इन युअर कोर्ट.'

"म्हंजे काय वं?" शेठनी लेकीला विचारलं.

"टेनिसमा चेंडू आपली बाजूले उना का मारानी पाळी आपली. आते आपण सांगानं."

शेठ खुलले. पाळी आपली, म्हणजे वजनही आपलं! लगेच त्यांनी तोंडाला कुलूप घातलं.

आठवडा उलटला. जिनल निळी साडी मागणाऱ्या बाईला हिरवी दाखवू लागली. शेवटी दुपारी दुकान रिकामं बघून ती कडाडली, "पप्पा, तुम्ही गप काब्र बठेल शेतस?"

"चेंडू आपलाकडे शे ना? मी धरी बठेल शे!"

"तो धरी बठाना नहीं ऱ्हास, मारना पडस! नहीं मारा ते आपण हारनूत. पुनीत समजी, आपले तो पसंत नहीं." बोलता बोलता तिचे डोळे भरले.

शेठ गादीवरून उठून तिच्याजवळ आले. अर्थ त्यांना बरोबर कळला होता, पण सोयरिकीतही त्यांनी साडीच्या सौद्यातलाच डाव लावला होता. "तुले पसंत शे?"

"शे ना, पप्पा."

मग काय, शेठनी पुनीतचे वडील, कापसाचे व्यापारी नवनीतशेठ, यांना फोन लावला. "शेठ, आमनाकडथीन हा शे," ते एका दमात बोलून गेले. जन्मात पहिल्यांदा ते पहिले बोलले होते.

पलीकडे चिडीचूप. हीरालालशेठनी कपाळाला हात लावला. ही शांतता त्यांच्या ओळखीची होती, नवनीतशेठही पंख्याकडेच बघत असणार!

तेवढ्यात फोनवर ओढाताण ऐकू आली आणि एक तरुण आवाज घाईघाईने म्हणाला, "काका, मी पुनीत. मन्हाकडथीन बी हा शे!"

मागे नवनीतशेठ पोरावर करवादत होते. जावई धंद्यात अगदीच कच्चा निघाला, याचा हीरालालशेठना असा आनंद झाला की त्यांनी दुकानातच लेकीला मिठी मारली.