पाण्याच्या कुंड्या

“या पानावर नुसतं पाणीच चोळलं होतं ना, रुक्मिणीबाई?”

“पाणीच, बाई. तुमच्यासमोरच चोळलंय.”

अनुपमाने पान उजेडात धरले. हिरव्या पृष्ठभागावर टाचणीच्या डोक्याएवढे तपकिरी, कोरडे ठिपके उमटले होते. रोगट पानांचा रस चोळलेल्या पानांवर ते अपेक्षितच होते. पाणी चोळलेल्या पानांवर मात्र काहीच यायला नको होते. तुलनेसाठी ठेवलेली झाडेच आजारी निघाली, तर प्रयोगातून कोणताही निष्कर्ष काढता येत नाही.

मुलुंडच्या त्या महाविद्यालयाच्या गच्चीवर जाळीचे एक हरितगृह होते. तिथे रुक्मिणीबाई तंबाखूच्या एका रानटी जातीची रोपे वाढवीत आणि वनस्पतिशास्त्राची अधिव्याख्याती अनुपमा त्यांना विषाणूची लागण करी. एकदा रोगाला तोंड दिलेले झाड दुसऱ्या वेळी अधिक सावध असते का, हा तिच्या प्रबंधाचा प्रश्न होता. विषाणू लागलेले तिचे हात ‘पाण्याच्या कुंड्यां’ना चालत नसत, म्हणून ते काम रुक्मिणीबाईंच्या स्वच्छ हातांकडे आले होते. दर सोमवारी त्या बोट पाण्यात बुडवून पान हलकेच चोळत. गिरणी बंद पडून नवरा गावी परतल्यापासून मुंबईत चाळीबाहेर त्यांचे म्हणावे असे हेच एक ठिकाण उरले होते.

विभागप्रमुख विद्याधर सरांनी पान पाहिले आणि चष्मा पुसला.

“जाळीचं दार उघडं राहत असेल.”

“मी दार उघडा टाकूक नाय कधी,” रुक्मिणीबाई म्हणाल्या.

“मग रोग आकाशातून पडला? अनुपमा, पुढच्या खेपेलाही असंच झालं, तर यांना भांडी धुण्याच्या खोलीत पाठवा. काचेची भांडी आजारी पडत नाहीत.”

सर गेल्यावर रुक्मिणीबाई स्वतःशीच पुटपुटत झारी भरू लागल्या. बोलताना त्यांचे काळपट दात दिसत. अनुपमाने ते रोज पाहिले होते. त्याचा अर्थ आज प्रथमच तिच्या ध्यानात आला.

“तुम्ही मशेरी लावता ना?”

“लावतंय. आमच्यात सगळ्याच लावतत.” मग त्या एकदम सावध झाल्या. “त्याचा काय?”

“मशेरी तंबाखूचीच. हा रोगही तंबाखूचाच.”

दुसऱ्या दिवशी रुक्मिणीबाईंनी स्वतःच मशेरीची डबी आणून टेबलावर ठेवली. अनुपमाने चिमूटभर मशेरी पाण्यात कालवून एका पानावर चोळली. त्या आठवड्यात रुक्मिणीबाई त्या कुंडीशी जरा जास्तच घुटमळल्या. पान स्वच्छ राहिले.

“बघितलास?” त्या हसल्या. “माझी मशेरी निर्दोष सुटली!”

अनुपमाही हसली, पण संशय फिटल्याशिवाय तिला समाधान नसे. मशेरी काळी होईपर्यंत भाजलेली असते. एवढ्या आचेत विषाणू टिकणे कठीण होते.

“भाजता कुठे?”

“घराकच. भांडुपाक. आमच्या चाळीची सगळी मशेरी मीच भाजतंय. रविवारी बायका पुडके घेवन येतत, मी पाना चुरतंय, तव्यार टाकतंय. शेजारची शकु म्हणता, तुझ्या हाताची चव दुसऱ्या कोणाक नाय.”

“पानं हातांनी चुरता?”

“मग काय पायांनी?”

विनोद अनुपमापर्यंत पोचला नाही. ती त्यांच्या नखांच्या कडांकडे पाहत होती. सुकलेल्या पानातही हा विषाणू जिवंत राहतो. रविवारी चुरलेली तंबाखू, सोमवारी चोळलेले पाणी.

रुक्मिणीबाईंना ते उशिरा उमगले, पण उमगल्यावर त्यांनी वेळ घालवला नाही. पुढच्या सोमवारी त्या नेहमीसारख्या नुसत्या पाण्याने हात धुऊन आल्या आणि बोटे पुढे केली.

“लावा माझी बोटा पानार. दुसऱ्या पानार साबणान धुवन लावू.”

“साबणानंतर दुधातही बुडवा. दुधाने हा विषाणू निष्प्रभ होतो.”

“दूध? माझ्या लग्नातसुद्धा कोणी इतकी सेवा करूक नाय.”

काही दिवसांनी साबण-दुधाने धुतलेल्या बोटांनी चोळलेले पान तसेच हिरवे राहिले. नुसत्या पाण्याने धुतलेली बोटे लावलेल्या पानावर तीन बोटांच्या जागी ठिपक्यांचे तीन पट्टे आले होते. रुक्मिणीबाईंनी आपली बोटे त्यांच्यावर, स्पर्श न करता, धरून पाहिली.

“माझोच हात.” मग त्यांनी विचारले, “झाड मरतला?”

“नाही. विषाणू जिथे शिरला, तिथल्या पेशी झाड स्वतःच मारून टाकतं. पुढे सरकायला जिवंत जागा उरत नाही. ठिपका म्हणजे रोग नव्हे. झाडाने केलेला बंदोबस्त.”

“आपलाच अंग जाळून?”

“तेवढंच.”

झाडांच्या गोष्टी माणसांना लावणे अनुपमाला आवडत नसे. पानाला निर्धार नसतो, रसायने असतात. तिने ते पान झाडावरून खुडले. “हे मी जाळून टाकते. सरांना सांगायची गरज नाही.”

“सांगा,” रुक्मिणीबाई म्हणाल्या. “नायतर ते दाराकच दोष देत रवतले. आणि सांगा, म्हणावा, आता भाजना बंद. साबण लावीन, दूध लावीन. पण तंबाखूक हात नाय लावूचंय.”

सरांनी एका खेपेची मुदत दिली. त्या खेपेला पाण्याच्या कुंड्या निर्मळ निघाल्या. सर “ठीक” एवढेच म्हणाले आणि भांडी धुण्याच्या खोलीचा विषय पुन्हा निघाला नाही.

रविवारी शकु पुडके घेऊन दारात आली.

“काय गे, तवा खंय?”

“घेवन जा तुझ्याकडे. मी नाय भाजूचंय.”

“कित्याक? डॉक्टरीण झालंस?”

“झाडा आजारी पडतत माझ्या हातान.”

“झाडा!” शकु हसली, मग हसायची थांबली. “आणि आमी?”

रुक्मिणीबाईंनी तवा तिच्यापुढे सरकवला. शकुने तवा उचलला. तिच्यामागून बाकीच्या बायकाही गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला गेल्या आणि तिथे स्टोव्ह पेटला. एरवी याच वेळी रुक्मिणीबाईंच्या उंबऱ्यात बसायला जागा नसे. आज त्या एकट्याच बसल्या होत्या. मुळापर्यंत कापलेल्या नखांची बोटे त्यांनी मांडीवर उताणी ठेवली होती.

तंबाखूचा वास गॅलरीतून येऊ लागला. आधी कच्चा, मग खमंग, मग किंचित कडू.

“उतरव गे!” त्या बसल्या जागेवरून ओरडल्या. “करपतली!”

तिकडे कुणीतरी मोठ्याने हसत होते. रुक्मिणीबाईंचे ओरडणे कुणाला ऐकू गेले नाही. त्या उठायला गेल्या, हातांकडे पाहून पुन्हा बसल्या, आणि वास करपट होत गेला.