नीट केलेला अर्ज

मास्तरांची नोकरी सुटून नऊ वर्षं झाली, पण लाल पेनाची खोड काही सुटली नाही. कचेरीच्या जिन्याखाली टेबल टाकून ते लोकांचे अर्ज लिहून द्यायचे, आणि त्या कामात त्यांचा हात धरणारा आसपास कुणी नव्हता, हे मात्र खरं. लोक आपलं गाऱ्हाणं चार-चार पानं खरडून आणायचे आणि मास्तर ते एका पानात बसवायचे. शेजारचा कोर्ट-फीची तिकिटं विकणारा म्हणायचा, "मास्तरांकडे पोतं घेऊन जा, पुडी बांधून मिळेल." हे ऐकलं की मास्तरांना गुदगुल्या व्हायच्या. माणसाला कशाचा गर्व होईल, काही सांगता येत नाही बघा.

त्यांचा एक नियम होता. कागद हातात घेतला की गिऱ्हाइकाला समोरच्या बाकावर बसवायचं, आणि अर्ज पुरा होईपर्यंत त्यानं तोंड उघडायचं नाही. "तुम्ही बोलत राहिलात तर मीसुद्धा तुमच्यासारखंच लिहीन," असं ते तोंडावर सांगायचे.

एका दुपारी लाँड्रीत इस्त्री करणारी बाई आली. पन्नाशीची, मनगटांवर भाजल्याचे जुने डाग. तिनं वहीची पाच पानं टेबलावर ठेवली. दोन महिन्यांपूर्वी तिची एकुलती एक लेक बाळंत झाली आणि त्याच दुपारी, इस्पितळातच, रक्त जाऊन जाऊन गेली. आता चौकशी समिती बसली होती आणि समितीला आईचं लेखी निवेदन हवं होतं.

"मला दुसरं काही नको, मास्तर," बाई म्हणाली. "जावई म्हणतो, तुम्ही उशाशी होतात आणि नुसत्या बसून राहिलात. विहीणबाई नातीला माझ्या हातात देत नाहीत. मी सिस्टरला बोलवायला गेले होते हो. तेवढं कागदावर येऊ द्या. समितीनं लिहून दिलं की त्यांची तोंडं बंद होतील. पोरगी मोठी झाल्यावर तिला कुणी सांगायला नको, की तुझी आजी बघत बसली होती."

"येईल की. बसा तिकडे."

मास्तरांनी पेन उघडलं. अरे देवा, काय ते लिहिणं! सुरुवात लेकीच्या शाळेपासून. मध्येच पंख्याची करकर, मध्येच शेजारच्या खाटेवरच्या बाईनं दिलेला टॉवेल. मास्तरांनी सपासप रेघा मारल्या. चौथ्या पानावर होतं, 'मी सिस्टरकडे गेले. त्या म्हणाल्या, येते. मी परत येऊन पोरीजवळ बसले.' खाली पुन्हा तेच, शब्दाला शब्द. आणि त्याच्याखाली तिसऱ्यांदा तेच. मास्तरांना कीव आली. रडता रडता घोळ झाला असणार, लिहिलेलंच परत लिहिलं बिचारीनं. पोरांचे असले निबंध त्यांनी ढिगानं तपासले होते. दोन्ही जागी लाल रेघ गेली. विचारायला बाई चार हातांवर बसली होती, पदर मुठीत धरून. पण नियम म्हणजे नियम! तो मास्तरांनीच केलेला, मग मोडणार कोण?

तासाभरात अर्ज तयार झाला. त्यातलं मुख्य वाक्य त्यांनी ठसक्यात वाचून दाखवलं. 'मुलीस रक्तस्राव होत असल्याचे लक्षात येताच मी परिचारिकेस कळविले व त्यानंतर मुलीजवळ बसून राहिले.'

बाई जरा घुटमळली. "एवढंच?"

"सगळं आलंय त्यात. साहेब लोकांना पाल्हाळ चालत नाही."

"तुम्ही म्हणता तर असेल." तिनं जपून सही केली. "छान लिहिलंत. माझ्याच्यानं नसतं झालं." एक प्रत तिनं स्वतःसाठी मागून घेतली.

सात आठवड्यांनी ती लिफाफा घेऊन आली. "मला अर्धंच कळलं. तुम्ही वाचा."

मास्तर मोठ्यानं वाचायला लागले. 'अर्जदाराच्या स्वतःच्या निवेदनानुसार त्यांनी परिचारिकेस केवळ एकदा कळविले. त्यानंतर सुमारे दोन तास त्या मुलीजवळ बसून राहिल्या व पुन्हा मदत मागितली नाही. सबब, कर्मचाऱ्यांचा हलगर्जीपणा सिद्ध होत नाही.' खाली लिहिलं होतं, प्रत जावयाकडे रवाना.

मास्तरांनी पहिली ओळ पुन्हा वाचली. त्या लाल रेघा त्यांना आत्ता कळल्या.

"बाई, तुम्ही सिस्टरकडे किती वेळा गेला होतात?"

"मला वाटत होतं तीनदा. तिन्ही वेळा त्या तेच म्हणाल्या, येते. तसंच लिहिलं होतं बहुतेक मी."

"लिहिलं होतं! तीनदा लिहिलं होतं तुम्ही. मी खोडलं. मला वाटलं, चुकून परत परत लिहिलंय." मास्तर टेबलाचे कप्पे उपसायला लागले. पण कच्चे कागद काम झालं की फाडून टाकायचे, ही त्यांचीच शिस्त. सापडणार काय, कपाळ? "थांबा. आत्ता समितीला लिहितो. चूक माझी आहे, माझ्या सहीनं लिहितो."

बाईनं त्यांचा हात धरून थांबवला.

"माझं मन राखायला नका हो खोटं बोलू. तुम्ही शिकलेले, तुमच्याकडून कशी चूक होईल? तुम्ही दिलेली प्रत मी रोज वाचते. पाठ झालीय. आता डोळे मिटले तरी तसंच दिसतं. एकदा गेले आणि बसून राहिले."

"बाई, देवाशपथ सांगतो, तुम्ही तीनदा गेला होतात!"

तिनं लिफाफा घडी घालून कमरेला खोचला. उठता उठता थांबली आणि मास्तरांच्या तोंडाकडे बघत राहिली, जणू त्यांनाच सगळं ठाऊक होतं.

"दोन तास होते हो हातात," ती म्हणाली. "मी परत का नाही उठले, मास्तर?"