उत्तररंग राहून गेला

उमेराला डोंगरावर जायला मिळणार की नाही, हे न्यूझीलंडमधल्या एका लहानशा गावात ठरणार होतं, आणि तिथल्या लोकांपुढे काय बोलायचं ते तिला शिकवायचं काम माझ्याकडे होतं. पुढे जे झालं त्यात चूक माझी होती. ते आधीच सांगून टाकलेलं बरं.

मी कारंज्याला कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवते. दरवर्षी फळ्यावर हिमालय काढते आणि तास संपला की पुसते. आमच्या मुलांनी उंच म्हणून पाहिलेली वस्तू म्हणजे पाण्याची टाकी. त्या वर्षी बारावीच्या बारा जणांनी डोक्यात घेतलं की ऑक्टोबरात पहिलं सत्र संपलं की हिमाचलातल्या एका खिंडीपर्यंत सहा दिवस पायी चढायचं आणि त्यावर माहितीपट करायचा. चौघांना घरून खर्च मिळणार होता. बाकीच्यांना मिळण्यासारखा नव्हता. त्या बाकीच्यांत उमेरा होती, आणि माहितीपटाची कल्पना तिचीच होती.

तिचे वडील निजामुद्दीनभाई. बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं गादीघर आहे. कापूस पिंजायचा, गाद्या-रजया भरायच्या, हेच आजोबांपासूनचं काम. उमेराला कुठूनतरी कळलं की त्या खिंडीच्या वाटेवरच्या गावांत लोकर अजून हाताने पिंजतात.

"मॅडम, आपल्याकडं कापूस, तिकडं लोकर. काम तर एकच हाय न," ती म्हणाली. "मले त्या लोकायचे हात पाह्याचे हायेत."

कॅमेरा कॉलेजचा होता. ती गेली नसती तर तो घरून खर्च मिळणाऱ्या शिवमच्या हाती गेला असता, आणि शिवमला लोकरीचं काही पडलेलं नव्हतं. त्याला बर्फात लोळायचं होतं. तसं त्याने सगळ्यांसमोर सांगितलंही होतं.

मदतीची वाट वाशीमच्या हरिसिंगभाऊंनी दाखवली. त्यांचं बी-बियाण्यांचं दुकान आहे, आणि एका आंतरराष्ट्रीय क्लबच्या तिथल्या शाखेचे ते अध्यक्ष आहेत. शाखा लहान, तिच्याच्याने एवढं होणार नव्हतं. पण न्यूझीलंडमधली एक शाखा शाळा-कॉलेजातल्या मुलांच्या कामांना हात देत असे. त्यांची रीत अशी की आधी मुलाचं बोलणं दहा मिनिटं ऐकायचं, मनाला आलं तर त्याच सभेत मत घ्यायचं, कागदपत्रं मागाहून. हरिसिंगभाऊंनी त्यांना एवढंच कळवलं होतं की आमच्या जिल्ह्यातली एक मुलगी तिच्या कामाबद्दल बोलेल.

आता माझं. मी लहानपणापासून कीर्तनात बसत आले. माझे वडील, मारोतराव, चाळीस वर्षं बुवांना पेटीची साथ करायचे. गुरुमंदिरातल्या उत्सवात मी त्यांच्या पाठीमागे झोपून जायची आणि आख्यान सुरू झालं की जागी व्हायची. चांगलं बोलणं काय असतं ते मला तिथेच कळलं, ती गुरुमहाराजांची कृपा. आधी पूर्वरंग, म्हणजे एक विचार घेऊन तो हळूहळू उलगडायचा. मग उत्तररंग, म्हणजे आख्यान, ज्याच्यासाठी माणसं आलेली असतात. श्रोता रंगला की घाई करायची नाही. आणि बुवा काही मागत नाहीत. आरतीचं ताट फिरतं, ज्याला जे वाटेल ते तो टाकतो.

मी उमेराचं बोलणं असंच बांधलं. माणूस ऊब कशी तयार करतो, हा पूर्वरंग. त्यात तिच्या वडिलांचं दुकान, कापूस, रजई. मग उत्तररंगात डोंगर, बारा मुलं, लोकर आणि माहितीपट.

"अन् पैसे कवा मागाचे?" उमेराने विचारलं.

"मागायचे नाहीत. मनापासून सांगायचं. देणाऱ्याला कळतं."

"मागाचंच नाही का मंग, मॅडम?"

"नाही म्हटलं न."

आमच्या घरच्या ओट्यावर तालीम झाली. ती इंग्रजीतून बोलत होती, माझ्या वडिलांना त्यातलं 'कॉटन' तेवढं कळत होतं, तरी डोळे मिटून ऐकत होते. मध्येच म्हणाले, "साधना, ह्या पोरीचा पूर्वरंग लांबून राह्यला. बुवाले रंग चढला का आख्यान राहून जाते, लय डाव पाह्यलं मी."

मी म्हटलं, "बाबा, घड्याळ लावलंय मी. बरोबर दहा मिनिटं."

"घड्याळ तुह्यं हाय. ऐकनारे तुह्ये नाहीत," ते म्हणाले आणि पुन्हा डोळे मिटले.

जुलैतल्या एका मंगळवारी आम्ही दोघी एसटीने वाशीमला गेलो. हरिसिंगभाऊंच्या दुकानावरच्या खोलीत व्हिडिओ कॉलसाठी मोठा पडदा होता. आपल्याकडे दुपारचे साडेबारा, त्यांच्याकडे संध्याकाळचे सात. तिथे तेव्हा थंडी, हे मी, भूगोल शिकवणारी बाई, लक्षातच घेतलं नव्हतं. पडद्यावर पंचवीस-तीस म्हातारी माणसं लोकरी टोप्या घालून सूप पीत बसली होती, आणि उमेरा त्यांना रजईबद्दल सांगू लागली.

माझ्या उभ्या आयुष्यात मी इतका रंगलेला श्रोता पाहिलेला नाही. कापूस पिंजताना त्याचा आवाज कसा येतो, हे तिने तोंडाने करून दाखवलं तर सगळे हसले. एका आजोबांनी विचारलं, रजई किती वर्षं टिकते. एका बाईंनी विचारलं, धुतात कशी. उमेरा मी शिकवल्याप्रमाणे घाई न करता एकेकाला सांगत राहिली. मी कोपऱ्यात बसून मान डोलवत होते. घड्याळ माझ्या हातात होतं आणि मी त्याच्याकडे पाहिलंच नाही.

तिकडच्या शाखेच्या अध्यक्षबाईंनी वेळ संपल्याची घंटी वाजवली. फार सुंदर बोललीस म्हणाल्या. टाळ्या झाल्या आणि पडदा काळा झाला.

उमेरा माझ्याकडे वळली. "मॅडम, डोंगर तं राह्यलाच."

हरिसिंगभाऊंनी चहाचा कप खाली ठेवला. "मले वाटलं आता येते, आता येते. बाई, तुमी ह्या पोरीले डोंगराच्या पायथ्याशीबी नेलं नाही."

चार दिवसांनी न्यूझीलंडच्या शाखेचं पत्र आलं. सभेने एकमताने मदत मंजूर केली होती. मदत होती कारंजा येथील श्री. निजामुद्दीन यांना कापूस पिंजण्याचं नवीन यंत्र घेण्यासाठी. एवढ्या गुणी मुलीच्या वडिलांचा व्यवसाय टिकावा, अशी सर्व सभासदांची इच्छा होती.

मी ते पत्र दोनदा वाचलं. ताट फिरलं होतं, भरूनही आलं होतं, फक्त भलत्या देवळात गेलं होतं.

हरिसिंगभाऊंचं म्हणणं पडलं, "घेऊन टाका. यंत्र दाखवू कागदावर, अन् पोरायले पाठवू डोंगरावर. तिकडून कोण पाह्याले येते?"

"मी नाही करणार तसं," मी म्हटलं. "देवाच्या नावाने घेतलेलं काही मी आजवर खिशात घातलं नाही."

"मंग आपली चूक झाली म्हणून लिहा त्यायले. हसतीन, दुसरं काय."

मी लिहिलं. सगळं सरळ लिहिलं, आणि या वेळी डोंगर पहिल्याच ओळीत घातला. उलट उत्तर आलं की ठराव निजामुद्दीन यांच्या नावे झाला आहे. त्यांनी स्वतः सभेपुढे येऊन यंत्र नको असं सांगितलं तरच सभेला फेरविचार करता येईल. त्यांच्यासाठी पाच मिनिटं ठेवली आहेत.

म्हणजे आता मला त्या माणसाच्या दुकानात जाऊन सांगायचं होतं की तुम्हाला मिळालेलं यंत्र सोडा. आणि त्यांचं यंत्र रमजान ईदपासून बंद पडलेलं होतं. ऑर्डरी हातावर चालल्या होत्या. मी गेले तेव्हा ते हाताने कापूस पिंजायची धुनकी घेऊन बसले होते, आणि पापण्यांपर्यंत कापसाची लव चढली होती.

मी पत्र वाचून दाखवलं. त्यांनी धुनकी बाजूला ठेवली.

"मॅडम, तुमी सांगाचं ते सांगतलं नाही, अन् माह्यं दुकान दुनियाभर फिरवलं."

"चूक झाली, भाई."

"चूक कायची? दोन महिन्यांपासून इथंच्या मिस्त्रीले माही मशीन समजली नाही, अन् त्या लोकायले टीव्हीवर समजली." ते हसले, आणि मग हसायचे थांबले. "पोरगी काय म्हनते?"

उमेरा दाराशी उभी होती. "यंत्र घ्या, अब्बा. शिवम काढीन फोटो."

"शिवम म्हंजे तो, बर्फवाला?"

निजामुद्दीनभाईंनी माझ्याकडे पाहून विचारलं, "मंगळवारी किती वाजताची गाडी हाय?"

दुकान बंद ठेवून ते आमच्यासोबत वाशीमला आले. धुतलेला कुर्ता, डोक्यावर जाळीची टोपी. पडद्यावर तीच माणसं, तेच सूप. त्यांना पाहून सगळ्यांनी हात हलवले, जणू जुनी ओळख. निजामुद्दीनभाईंनी सलाम केला आणि उमेराला म्हणाले, "सांग. माही मशीन चालते. मले नवी नको. पोरीले डोंगरावर पाठवा."

उमेराने इंग्रजीत सांगितलं, "माझे वडील म्हणतात की त्यांचं यंत्र चालतं. ते ईदपासून बंद आहे. ते हाताने पिंजतात."

वडिलांना 'ईद' तेवढं कळलं. "काय सांगतलं तू?"

"खरं सांगतलं."

"खरं सांगाले मी आलतो का इथं? आता तेच देतीन ते, मशीन."

तिकडे कुजबुज सुरू झाली. अध्यक्षबाई पुढे सरकल्या आणि सावकाश विचारलं, मग या गृहस्थांना नेमकं हवंय तरी काय? उमेराने ते वडिलांना सांगितलं. मी मनात गुरुमहाराजांचं नाव घेत होते. याहून जास्त माझ्या हाती काही नव्हतं.

निजामुद्दीनभाईंनी गुडघ्यावर हात ठेवले. "सांग त्यायले. मशीन बाजारात कवाही भेटते. आज नाही तं पुढच्या साली घेईन. हे पोरगी बारावीत हाय. पुढच्या साली तिले कोनतं कॉलेज, कोनतं घर, मले काय माहीत? ते आता जाईन तं जाईन. मी माह्या मशीनचं पाहतो. यायनं पोरीले डोंगर दाखवावा, अन् तिनं तिथं काय पाह्यलं ते मले दाखवावं. एवढंच पायजे."

उमेराने सगळं सांगितलं. मध्ये एकदा थांबली, पाणी प्यायली आणि पुन्हा सांगू लागली. घर कोणतं, तेही वगळलं नाही. पाच मिनिटांतली दोन अजून शिल्लक होती. ती तिने तशीच सोडली.

या वेळी टाळ्या झाल्या नाहीत. मागे बसलेल्या एका आजोबांनी हात वर केला, मग दुसऱ्याने. मत घेताहेत हे हरिसिंगभाऊंनी ओळखलं आणि ते पडद्याजवळ जाऊन हात मोजायला लागले. तीन सोडून सगळे वर होते. त्या तिघांना यंत्रच द्यायचं होतं, असं पुढे पत्रातून कळलं, आणि मला त्यांचाही राग आला नाही.

पत्र आलं ते ऑगस्टच्या शेवटी. मदत बाराही मुलांच्या चढाईला आणि माहितीपटाला. अट एकच, तयार झालेला माहितीपट दोन्ही शाखांना आणि श्री. निजामुद्दीन यांना दाखवायचा. यंत्राबद्दल त्यात काही नव्हतं.

मी ते घेऊन गादीघरात गेले. निजामुद्दीनभाई पिंजतच होते. पूर्ण ऐकून घेतलं, तारीख विचारली, थंडी किती असते ते विचारलं. मग उमेराला म्हणाले, "तिथं जाऊन त्या लोकायले इचारशील काय?"

"कसं पिंजता, ते."

"अन् त्यायनं तुले इचारलं, तुले येते का, तं?"

तिला येत नव्हतं. लहानपणापासून ती दुकानात वाढली, पण धुनकी कोणी तिच्या हाती दिली नव्हती. मुलींना देत नसत, आणि तिने मागितलीही नव्हती.

"मंग उद्यापासून कॉलेज सुटलं का इथं यायचं," ते म्हणाले. "चार ते सहा. मॅडम, तुमची काही हरकत?"

मी हरकत घेण्यासारखं काही नव्हतं. सप्टेंबरभर ती चार ते सहा दुकानात बसली. पहिल्या आठवड्यात तिने पिंजलेला कापूस त्यांनी तीनदा उकलून पुन्हा पिंजायला लावला. गिऱ्हाइकं थांबून पाहायची. एकाने म्हटलं, "निजामभाई, पोरगा ठेवला का कामाले?" तर ते म्हणाले, "पोरगी हाय. डोंगरावर चालली."

ऑक्टोबरात वाशीमच्या स्टेशनवर आम्ही तेरा जण गाडीची वाट पाहत होतो. शिवम बर्फासाठी घेतलेला काळा चष्मा लावून फिरत होता. उमेराने कॅमेऱ्याची पिशवी मांडीवर घेतली होती आणि उजव्या तळव्याला चिकटपट्टी लावली होती. दुखतं का म्हणून मी विचारलं.

"दुखते न," ती म्हणाली. "पन आता रुई मोकळी निघते, मॅडम. अब्बानं काल माह्या हातची रजई गिऱ्हाइकाले देली."