आवाज : समाधानकारक

नाबोर कास्त्रेखोनची गाडी तुम्ही मारलीत. पान्हा माझ्या हातात होता, ते मी नाकारत नाही, सगळं सांगणारच आहे. पण तो पान्हा फिरवायला लावला तुमच्या परवाना ऑफिसच्या कागदाने. तो कागद माझ्या गॅरेजच्या भिंतीवर अजून आहे. खाली शिक्का आहे, सही आहे, आणि सही अशी फराटेदार की माणसाचं नाव कुणालाच लागू नये.

कागद म्हणतो, ईस्टरच्या पवित्र सप्ताहात पाहुणे येतात आणि त्यांची झोप मोडते. म्हणून गावातल्या टॅक्सींच्या इंजिनातून धातूवर धातू आपटल्याचा आवाज येता कामा नये. येत असेल त्यांनी हायड्रॉलिक टॅपेट बसवून घ्यावेत. तपासणीत आवाज आला तर परवाना रद्द.

हे ज्याने लिहिलं त्याने व्होचोचं मागचं झाकण जन्मात उघडलेलं नाही. आमच्या सगळ्या टॅक्सी पांढऱ्या व्होचो, त्या जुन्या, बुटक्या, गोल पाठीच्या गाड्या. इंजिन मागे, पाणी नाही, वाऱ्यावर थंड होणारं. त्यात टॅपेट भरीव, पोलादाचे ठोकळे. कॅमशाफ्टची ढकल ते व्हॉल्व्हपर्यंत पोचवतात, आणि मधे केसाएवढी फट ठेवावी लागते. फट आहे म्हणून टिकटिक आहे. शिंप्याच्या मशीनसारखी. हायड्रॉलिक टॅपेटच्या पोटात तेल भरतं, ते फट राहूच देत नाही, म्हणून ते गप्प. ऐकायला छान वाटतं. पण त्यासाठी इंजिनाच्या कवचात तेलाच्या वाटा वेगळ्या लागतात, कॅमशाफ्ट वेगळा, दांड्या वेगळ्या. म्हणजे आहे ते इंजिन भंगारात टाकून दुसरं घ्या. आणि घेतलंच, तरी आमच्या चढावर पहिल्या गिअरमध्ये तेल तापून पाण्यासारखं झालं की तेही वाजतात. भरीवपेक्षा वाईट वाजतात.

हे सांगायला मी तुमच्या दारात गेलो होतो. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, इंजिनिअर आहात का. नाही म्हटलं, तीस वर्षं मेकॅनिक आहे. त्यांनी खिडकी लावली नाही, एवढीच मेहरबानी. मागच्या माणसाला पुढे बोलावलं.

नाबोर माझा कंपाद्रे. त्याच्या मुलीला, इत्सेलला, बाप्तिस्म्याच्या पाण्यावर मी धरलं, मी तिचा धर्मबाप. आमच्यात हे नातं रक्तापेक्षा घट्ट मानतात. कंपाद्रेशी भांडणं हे पाप, त्याला खोटं सांगणं त्याहून मोठं. सव्वीस वर्षं तो एकच गाडी चालवत होता. परवाना त्याचा स्वतःचा, भाड्याचा नाही. दुसरं त्याच्याकडे काही नव्हतं. जमीन नाही, दुकान नाही. तो परवाना पुढे इत्सेलच्या नावावर करायचा, एवढंच त्याच्या डोक्यात.

कागद आला त्या दिवशी तो गॅरेजात येऊन टायरवर बसला. मी त्याला सरळ तीन वाटा सांगितल्या. इंजिन बदल, ते तुला परवडणार नाही. आहे तसं ठेव, परवाना जाईल. तिसरी वाट म्हणजे फट मिटवायची. टॅपेट कसून टाकायचे, आवाज बंद. पण तसं केलं तर व्हॉल्व्ह आपल्या जागेवर पुरता टेकत नाही. टेकला नाही तर त्याची उष्णता बाहेर जात नाही. आतल्या आत जळतो, आणि जळताना हूं की चूं करत नाही.

"वाजणारा व्हॉल्व्ह जिवंत असतो, कंपाद्रे," मी म्हणालो. "मुका झाला की समजायचं, संपत आलाय."

"त्यांना जिवंत नकोय रे. त्यांना गप्प हवाय," नाबोर म्हणाला. "एक दिवस गप्प कर. तपासणी झाली की त्याच संध्याकाळी सोड."

एका दिवसाने काही होत नाही. हे मी त्याला सांगितलं आणि ते खरं होतं. तपासणी सोमवारी होती. रविवारी इंजिन थंड असताना मी झाकणं उघडली आणि आठही व्हॉल्व्ह असे कसले की मोजायची सगळ्यात पातळ पत्तीसुद्धा फटीत सरकेना. तिसऱ्या सिलिंडरपाशी माझा हात अडला होता. त्याच्यासमोर तेलाचा कूलर आडवा उभा असतो, त्यामुळे चौघांत त्यालाच वारा सगळ्यात कमी. त्याची फट मी नेहमी इतरांहून जरा जास्त ठेवायचो. त्या दिवशी तीही मिटवली.

सोमवारी तुमचे साहेब आले नाहीत. राजधानीत मीटिंग होती. बुधवारी आले, पण आवाज मोजायचं यंत्र आलं नव्हतं. शुक्रवारी तुमचा दुसरा कागद लागला : आता तारीख नाही, रस्त्यावर कुठेही, कधीही थांबवून तपासू.

त्या एका ओळीने घात केला. तारीख असती तर मी त्याच दिवशी टॅपेट सोडले असते आणि तारखेच्या आदल्या रात्री परत कसले असते. कुठेही, कधीही म्हटल्यावर सोडायचे कधी? रोज संध्याकाळी नाबोर गॅरेजसमोर थांबायचा. मी पान्हा घेऊन बाहेर यायचो आणि विचारायचो, सोडू का? तो म्हणायचा, उद्या नक्की येतील, एक दिवस थांबू. मी थांबायचो. मला दिसत होतं आणि मी थांबायचो. हे लिहून घ्या, माझ्या बाजूने काही लपवलेलं नाही.

स्टँडवर गंमत चालली होती. गुरुवारी सगळे पोसोलेच्या, म्हणजे मक्याच्या रश्श्याच्या, वाडग्यांवर बसले असताना एलिओदोरो, तोही टॅक्सीवालाच, म्हणाला, "नाबोरची गाडी पाद्र्याकडे जाऊन आली वाटतं. पापं सांगून मोकळी झाली, आता तोंडच उघडत नाही." सगळे हसले, नाबोरही हसला. उतारू खूश आहेत, म्हणाला. गाडी नवी घेतली का, विचारतात.

सोळाव्या दिवशी, टोमॅटोच्या दोन टोपल्या घेतलेली एक बाई मागे बसलेली, वरच्या चर्चच्या चढावर एकच ठोका बसला आणि इंजिन अडकलं. नाबोरने हँडब्रेक ओढला, उतरून चाकाला दगड लावला, बाईच्या टोपल्या स्वतः वर नेऊन दिल्या आणि मग मला बोलवायला माणूस पाठवला.

मी उघडून बघितलं. तिसऱ्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. डोकं तुटून आत पडलेलं, पिस्टनला आरपार भोक, वरचं हेड चावून चोथा केलेलं. नाबोर शेजारी उभा होता. त्याने विचारलं नाही कुठला. त्याने विचारलं, "तुला माहीत होतं ना?"

मी हो म्हणालो.

आणि दुसऱ्याच सकाळी तुमचे साहेब आले. यंत्रासकट. स्टँडवर खुर्ची टाकून बसले आणि गाड्या एकेक करून मागवल्या. हजर नसलेल्या गाडीचा परवाना रद्द, असं ओरडून सांगितलं. म्हणून एलिओदोरो, मी आणि आणखी दोघांनी नाबोरची गाडी ढकलत नेली. नाबोर स्टिअरिंगवर. मी साहेबांना म्हणालो, इंजिन तुमच्या नियमापायी मोडलंय, दोन महिन्यांची मुदत द्या, मी फुकट बांधून देतो. साहेबांनी यंत्र झाकणाजवळ धरलं. मेलेल्या इंजिनाजवळ. आकडा बघितला. मग फॉर्म भरला. त्याची एक प्रत माझ्याकडे आहे. आवाज : समाधानकारक. वाहन चालू स्थितीत : नाही. निकाल : अपात्र. परवाना त्यांनी तिथेच काढून घेतला.

"आवाजाची तक्रार नाही तुमच्याबद्दल," ते नाबोरला म्हणाले. समजूत काढत असल्यासारखे.

नाबोरने कागद घेतला, घडी केली, खिशात घातला. तुमच्यावर तो चिडला नाही. तुमच्यावर कोण चिडतं? तुम्ही गारपिटीसारखे आहात, येता आणि जाता. तो माझ्यावर चिडला. माणूस समोर दिसतो त्याच्यावरच चिडतो. आता तो दुसऱ्याची चार दरवाज्यांची खासगी गाडी रोजावर चालवतो. ऑगस्टमध्ये इत्सेलला पंधरा वर्षं झाली. आमच्यात मुलीला त्या दिवशी धर्मबाप चर्चमध्ये घेऊन जातो. तिला तिच्या मामाने नेलं. मिरवणूक माझ्या गॅरेजसमोरून गेली, वाजंत्रीसकट. मी शटर अर्धं खाली ओढून आत बसलो होतो. कुणी हाक मारली नाही.

पाहुणे गेल्यावर जूनमध्ये तुम्ही आवाजाची अट मागे घेतलीत. जाहीर केलं नाहीत, नुसती नव्या फॉर्ममधून ती ओळ काढलीत. आज गावातल्या सगळ्या व्होचो टिकटिकत चढतात आणि तुमचेच लोक त्यांत बसून ऑफिसला येतात.

मी तीन अर्ज दिले. तिन्हींवर पोच मिळाली, उत्तर नाही. हा चौथा. माझा गुन्हा मी वर लिहून दिलाय, आता तुमचं सांगा. अट नाही, तर नाबोर कास्त्रेखोनचा परवाना कशासाठी अडकवून ठेवलाय? आणि गप्प इंजिन म्हणजे चांगलं इंजिन, हे तुमच्यापैकी कोणी ठरवलं? लेखी द्या. आणि खाली वाचता येईल असं नाव लिहा.