चांदणीची वरात

दर्शनाच्या घोड्यांचा वास येतो, हे मी पहिल्या दिवसापासून सांगत आलेय आणि आजही सांगते. आमची चाळ डिलाईल रोडच्या आत, मागे बंद गिरणीची जमीन, आणि त्या जमिनीवरच्या जुन्या शेडमध्ये दर्शनाने टाकून दिलेली जनावरं आणून ठेवलेली. घोडे, गाढवं, बकऱ्या, लंगडी कुत्री, मांजरं. पोरगी आमच्याच चाळीतली, तळमजल्यावरच्या रमाकांतची. दादरला विम्याच्या ऑफिसात नोकरी करते आणि उरलेला जीव तिथे ओतते. लग्नाचं विचारलं की म्हणते, "काकी, आधी घोडीला स्थळ बघू."

मे महिन्यातल्या एका दुपारी गिरणीच्या आवारातलं कमरेएवढं वाळलेलं गवत पेटलं. कसं, ते देव जाणे. वारा समुद्राकडून होता, त्यामुळे सगळी आग शेडच्या दिशेने निघाली. रस्त्याकडच्या फाटकापाशी ज्वाळा पोचल्या होत्या. बाहेर पडायला एकच वाट उरली, शेडमागचा बोळ, जो आमच्या चाळीच्या अंगणात उघडतो.

आमच्याकडे नळावरून डोकी फुटतात, पण त्या दुपारी कुणी कुणाच्या हाकेची वाट बघितली नाही. बोळातल्या मोटारसायकली पोरांनी उचलून बाजूला टाकल्या. गणपतीच्या मिरवणुकीत मूर्तीभोवती धरतात तो जाड दोर मंडळाच्या खोलीतून आला. मंडळात ताशा वाजवणाऱ्या मयूरने दोन्ही बाजूंना माणसं उभी केली आणि बोळाच्या तोंडापासून चाळीच्या दारापर्यंत वाट मोकळी ठेवली. बायकांनी उशांचे अभ्रे दिले, त्यांत मांजरं भरली. माझे दोन नवेकोरे अभ्रे अजून परत आलेले नाहीत.

दर्शना ओली ओढणी तोंडाला बांधून आत-बाहेर करत होती. मांजरं आली, बकऱ्या आल्या, डोळ्यांवर ओले टॉवेल बांधलेले दोन घोडे आले. मग चांदणी बोळात शिरली आणि मधोमध उभी राहिली.

चांदणी म्हणजे पांढरी म्हातारी घोडी. तिने उभा जन्म नवरदेव वाहिले आणि एक डोळा गेला तशी मालकाने तिला रस्त्यावर सोडून दिली. बोळ इतका अरुंद की तिच्या बाजूने कुत्रंही जाईना. तिच्या मागे गाढवं अडकली होती, कुत्री अडकली होती आणि त्यांचे पट्टे धरून दर्शना. तिच्याही मागे धूर होता.

मयूरने लगाम ओढला, गूळ दाखवला, शिव्या घातल्या. घोडी ढिम्म हलेना.

"ए, लग्नातली घोडी आहे ना ही? मग वाजवा ना रे!" तो ओरडला. मलाही पटलं. "वाजव रे, वाजव!" म्हणून मीच पुढे झाले. अडलेलं काहीही वाजवून पुढे सरकवता येतं, अशी आमच्या इकडच्या लोकांची श्रद्धाच आहे. पोरांनी मंडळाच्या खोलीतून वाद्यं आणली. ताशा कडाडला, पाठोपाठ ढोल.

चांदणीने कान टवकारले, मान वळवून ऐटीत धरली आणि नाचायला लागली! पुढचे पाय एकामागून एक उचलत, जागच्या जागी. अंगावर राख पडत होती, मागे गवत तडतडत होतं, पण तिला ते फटाकेच वाटत असणार.

"बंद करा!" धुरातून दर्शनाचा फाटका आवाज आला. "वाजतंय तोवर ती नाचणार! वाजायचं थांबलं की पुढे जायचं, असं शिकवलंय तिला. कोणी आवाज करू नका, प्लीज!"

मयूरने ताशावर पंजा दाबला आणि मिरवणुकीत करतो तसा दुसरा हात वर केला. ढोल थांबले. गॅलरीतल्या बायकासुद्धा गप्प झाल्या. या चाळीत नांदायला आल्यापासून एवढी शांतता मी ऐकली नव्हती. घशाशी आलेला खोकला मी तोंडात पदर कोंबून दाबला.

चांदणी नाचायची थांबली. दर्शनाने कुत्र्यांचे पट्टे गाढवाच्या गळ्यात अडकवले आणि घोडीच्या पोटाखालून सरपटत ती पुढे आली. एक लाथ बसली असती तर? तिने आंधळ्या बाजूने घोडीच्या गालावर हात ठेवला आणि हळूच म्हणाली, "चल बाय, मांडव आला."

चांदणीने पाय उचलला आणि पुढे टाकला. मग दुसरा. मागोमाग गाढवं निघाली, कुत्री निघाली. दोर धरून उभ्या असलेल्या पोरांनी जन्मात पहिल्यांदा ढोलाशिवाय मिरवणूक नेली, आणि काय शिस्तीत नेली! शेवटचं कुत्रं बाहेर पडलं तसे अंगणात येऊन खोळंबलेले बंबवाले पाइप घेऊन आत धावले.

शेड जळून गेली. जनावर मात्र एकही गेलं नाही.

चाळीच्या दारात दर्शना उभी होती. भुवया होरपळलेल्या, पण घोडीच्या गालावरचा हात तिने काढला नव्हता. मी घरात जाऊन भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन आले.

"काकी, काय करताय?"

"गप उभी रव गो."

वरात दारात आली की आम्ही नवरा-नवरीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकतो. घोडीवरून कोण ओवाळणार? तिला बाहेरच्या बाहेर परत नेतात. आयुष्यभर लोकांना दारापर्यंत पोचवलं तिने, पण आत ये म्हणून तिला कुणी म्हटलं नसेल. मी आधी चांदणीवरून ओवाळलं, मग दर्शनावरून. खुरांवर पाणी घातलं.

"काकी," दर्शना रडता रडता हसली, "आता वास डायरेक्ट तुमच्या खिडकीत येणार हां."

"येणारच," मी म्हटलं. "आत आण तिला."